येशूची आत्या

नाताळच्या चौथ्या दिवशी सकाळी मलकापूरहून पुतण्याचा फोन आला, "काकी, आई गेली." खरं सांगते, आधी रडू नाही आलं, धास्ती वाटली. आठ दिवसांवर बारसं... आता आत्या कोण होणार?

रूथआक्का माझी थोरली जाऊ. आमच्या मलकापूरच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) चाळीस वर्षं ती येशूबाळाचं बारसं करायची. होय, बारसंच! नाताळपासून बाराव्या दिवशी पाळणा बांधायचा, घुगऱ्या शिजवायच्या, गव्हाणीतल्या बाळाला कुंची घालायची. बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या, आणि नाव सांगितलं की बायका तिच्याच पाठीत बुक्क्या घालतात. मी नवी नवरी, भाबडेपणानं विचारलं, "आक्का, येशूला आत्या कुठली?" तर म्हणाली, "नसंल तर मी हाय की! लेकरू बिनआत्याचं ठिवायचं व्हय?"

चाळीस वर्षं तिनं दोन्हीकडून ऐकून घेतलं. छे, ऐकून कुठलं घेतेय ती! बाजारात कुणी म्हणालं, "मावशी, तुमचा देव विलायती," की वांगी निवडता निवडता म्हणायची, "विलायती? गोठ्यात जल्मलाय त्यो. तुज्या गोठ्यात न् त्येच्यात काय फरक हाय, सांग बरं." देवळात नवे पाळकसाहेब आले, त्यांनी विचारलं, "रूथबाई, बारसं बायबलमध्ये कुठं आहे?" आक्का म्हणाली, "केकबी न्हाई, सायेब. काल तुमी दोन तुकडं खाल्लं न्हवं?" साहेब भला माणूस, हसले. मंडळीचे पंच सॅम्युएलदादा मात्र कधी हसले नाहीत. दर वर्षी त्यांचं एकच, "आपण ख्रिस्ती. या चालीरीती आपण मागं टाकल्या." त्यावर ती पदर खोचून उभी राहायची. "द्येव माज्या घरी आला, दादा. म्या घर सोडून कुटं जाऊ?"

आक्काला मूठमाती दिली. तिसऱ्या दिवशी घरी प्रार्थना झाली, चहाचे कप फिरले, आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पाच तारखेला बारसं होणार, नेहमीसारखं. सॅम्युएलदादांनी कप खाली ठेवला. "अगं, काही कळतं का? घरात सुतक आहे! सुतकात कुणी बारसं करतं?"

मला आधी कळेचना, हे काय बोलले... मग कळलं तशी मी म्हणाले, "म्हंजी दादा, तुमीबी हितलंच की!"

दुःखाच्या घरात असं हसू नये. पण पुतण्या रडता रडता हसला, पाळकसाहेबांनी रुमाल तोंडावर धरला, आणि दादा खिडकीबाहेर बघत बसले.

पाच तारखेला पाळणा बांधला. देवळातल्या होत्याच, गल्लीतल्या मराठ्यांच्या, जैनांच्या बायकाही दरवर्षीसारख्या आल्या. मी बाळाच्या कानाशी वाकले, कुर्र केलं, नाव सांगितलं. आणि अशा बुक्क्या बसल्या म्हणून सांगू, डोळ्यांत पाणीच आलं! इतकी वर्षं आक्काला एवढं लागत होतं, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही... लागू दे. आता मी आत्या आहे.