दहा हजार फुटांखाली मराठी बंद

अण्णा वाक्य अर्ध्यावर सोडून द्यायचे. विसरले म्हणून नाही, खोकला आला म्हणूनही नाही. विमान उतरायला लागलं आणि उंचीचा आकडा दहा हजार फुटांवर आला, की जिभेवर असेल तो शब्द तिथंच ठेवून ते गप्प व्हायचे. एकदा ते मला स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगत होते. "भर मांडवांत सासरे उभे राहिले, सगळ्यांकडे पाहिलें, आणि म्हणाले," इतकं झालं आणि दहा हजार फूट आले. पुढची वीस मिनिटं सासरे काय म्हणाले असतील हा विचार दाबत मी रेडिओवर बोलत होतो. विमान जागेवर लागलं, इंजिनं बंद झाली, कागद भरून झाले, आणि मग खांद्यावरचा पट्टा सोडता सोडता अण्णांनी वाक्य पुरं केलं, "कॉफी थंड झाली."

तेवढ्या उंचीखाली कॉकपिटमध्ये कामाखेरीज बोलायचं नाही, हा नियम काही अण्णांनी काढलेला नाही. तो सगळ्यांनाच आहे. आम्ही तो परीक्षेत लिहितो आणि बऱ्यापैकी पाळतोही. अण्णा कॅप्टन होते, नव्यांचे प्रशिक्षकही, आणि ते तो सोवळ्यासारखा पाळायचे. चेन्नईच्या विमानतळावर आमच्या कंपनीत त्यांना 'अमैदी सर' म्हणत. अमैदी म्हणजे तमिळमध्ये शांतता. नवीन सहवैमानिकांना त्यांची भीती वाटायची, कारण वर आकाशात हा माणूस अखंड बोलायचा आणि खाली येताना दगड व्हायचा.

मी साताऱ्याचा. चेन्नईत आलो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिकाच्या जागी बसत होतो. पहिल्याच फेरीत माझं आडनाव वाचून त्यांनी विचारलं, "मराठी-आ?" त्यांच्या प्रश्नाच्या शेवटी असा तमिळ 'आ' चिकटलेला असायचा. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि तिथलेच झाले. भाषा मात्र घरात तशीच राहिली. मला त्या मराठीचं हसू आलं, आणि ते त्यांना दिसलं. "हांस, हांस," ते म्हणाले. "तुमचें मराठी रोज बदलतें. आमचें आलें तसें राहिलें. बदलायला कोण होतें आम्हांला?"

तेव्हापासून ते माझे अण्णा झाले. विमानाबाहेर अण्णा, विमानात सर. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. एकुलती मुलगी कॅनडात, आणि तिला तमिळ आणि इंग्रजी येतं. चेन्नईतल्या वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये अण्णा एकटे. "ती होती तोंवर घरांत मराठी होतें," ते एकदा म्हणाले. "अप्पुरम, मग काय? भिंतींशीं बोललें तर त्यांनाही तमिळच कळतें." म्हणजे तेव्हा जगात ते ज्याच्याशी स्वतःच्या भाषेत बोलायचे असा माणूस मी एकटाच होतो. मला हे फार उशिरा उमगलं. मला वाटायचं, म्हातारा बोलघेवडा आहे.

डबा ते दोघांपुरता आणायचे. बायकोच्या वहीत पाहून स्वतः केलेलं डांगर, दहीभात, तळलेल्या मिरच्या. माझी आई डांगरात कांदा घालते, त्यांच्याकडे घालत नाहीत, यावर आम्ही एकदा हैदराबादपर्यंत भांडलो. जेवलं की ते मोबाइल बंद आहे का हे पुन्हा पाहून डब्याच्या पिशवीत टाकायचे आणि माझ्यापुढेही पिशवी धरायचे. मी आढेवेढे घेतले की म्हणायचे, "टाक, कण्णा. खाली उतरतांना आपण कुणाचेही नाहीं." कण्णा म्हणजे बाळा. बावन्न वर्षांच्या अभियंत्यालाही ते कण्णाच म्हणत.

एकदा केबिनमधल्या नव्या मुलीनं उतरताना आतल्या फोनवर विचारलं, की तीन व्हीलचेअर सांगायच्या की चार. अण्णांनी उत्तर दिलं नाही. खाली आल्यावर ती रडवेली होऊन समोर उभी राहिली. अण्णा रागावले नाहीत. बसमध्ये तिच्या शेजारी उभं राहून त्यांनी तमिळमध्ये समजावलं, की आग लागली, धूर दिसला, कुणाला काही झालं, तर शंभर वेळा फोन कर. व्हीलचेअर खाली मोजता येतात. त्या मुलीनं पुढे कधी चूक केली नाही. माझ्याबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

तो दिवस साधा होता. दुपारची वेळ, आम्ही पोर्ट ब्लेअरहून परत येत होतो. विमान अण्णा चालवत होते, रेडिओ माझ्याकडे होता. माझी कॅप्टनपदाची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती आणि मी आतून घाबरलेला होतो. माझा जीव रमावा म्हणूनच बहुधा, अण्णा वर असताना बायकोबद्दल सांगत होते. दर रविवारी दोघं बसनं चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावर जायची आणि होड्या परत येताना बघत बसायची. आजार वाढल्यावर तिनं एकदा हट्ट धरला, की मला अजून एकदा तिथं ने. "वाळूंत तिला चालवेना," अण्णा म्हणाले. "मी हात धरला, तर म्हणाली," आणि दहा हजार फूट आले.

आम्ही समुद्रावरून किनाऱ्याकडे वळलो. अण्णांच्या बाजूला खाली कोवलम होतं. काठावर लावलेल्या होड्या दिसत होत्या. रेडिओवर गर्दी होती, एकामागून एक विमानं उतरत होती. मला काय झालं कोण जाणे. इतक्या फेऱ्यांत मी एकदाही तो नियम मोडला नव्हता. त्या दिवशी 'सर' म्हणायचंही विसरून मी म्हणालो, "अण्णा, मग काय म्हणाल्या त्या? सांगा ना."

अण्णांनी खाली पाहिलं. आणि ते बोलले. इतकी वर्षं उतरताना कधीही न बोललेला तो माणूस माझ्यासाठी बोलला. फार नाही, मिनिटभर. ती म्हणाली, मला उचलूं नका, लोक बघतील. मग एका कोळणीनं मासळीची रिकामी पेटी उपडी घालून दिली आणि ती तिच्यावर राणीसारखी बसली. मी ऐकत होतो. आणि मी ऐकत होतो म्हणून रेडिओवर आम्हाला वेग कमी करायला सांगितलेलं मी ऐकलं नाही. पुन्हा सांगितलेलंही ऐकलं नाही. त्यानंतर टॉवरशी बोलायचं होतं, उतरायची परवानगी घ्यायची होती, तेही राहिलं.

धावपट्टी समोर आली तेव्हा आमच्या पुढचं विमान अजून तिच्यावरच होतं. ते अण्णांनी पाहिलं, मी नाही. त्यांचा हात पुढे गेला, इंजिनं गरजली आणि आम्ही पुन्हा वर चढलो. प्रवाशांना कळलं ते इतकंच, की विमान खाली आलं आणि परत वर गेलं. दुसऱ्या वेळी नीट उतरलो. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी ती गोष्ट पुढे पुरी केली नाही. इंजिनं बंद केल्यावर त्यांनी कॉकपिटमधला आवाज टिपणाऱ्या यंत्राचा फ्यूज स्वतःच्या हातानं काढला, म्हणजे टिपलेलं पुसलं जाऊ नये, आणि म्हणाले, "रिपोर्ट मी लिहितों."

चौकशीला तिघंजण बसले होते. एकालाही मराठी येत नव्हतं. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज आला, अण्णांचा आला, मधूनमधून रेडिओवरची आमची हाक आली. मुख्य साहेबांनी यंत्र थांबवून अण्णांना विचारलं, सहवैमानिक इथं काय म्हणतोय? अण्णा इंग्रजीत म्हणाले, "तो मला सांगतोय, की सर, आपला वेग जास्त आहे. मी ऐकलं नाही. मी माझी गोष्ट सांगत राहिलो, मी त्याला बोलूच दिलं नाही." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर?"

मी म्हणालो, "हो, सर."

दोघांचं जुळलं म्हटल्यावर कुणी तिसऱ्याला विचारायला गेलं नाही. एका शब्दानं मी सुटलो आणि त्याच शब्दानं अण्णा अडकले. लिफ्टपाशी मी विचारलं, का केलंत असं? ते म्हणाले, "तुझीं अजून तीस वर्षें आहेत. माझीं दोन राहिलीं. आणि तूं विचारलेंस, बोललों तर मीच ना?" मग लिफ्ट आली. आत गेल्यावर ते भिंतीकडे बघत म्हणाले, "पोदुम. पुरे आतां."

त्यांचं प्रशिक्षकपद गेलं. काही महिने उड्डाण बंद झालं. आणि ज्या नियमाबद्दल सगळ्यांना त्यांचं उदाहरण दिलं जायचं, तोच नियम शिकायला त्यांना पोरासोरांबरोबर वर्गात बसवलं. ते बसले. वहीत लिहूनही घेतलं म्हणे. कँटीनमध्ये कुणी 'अमैदी सर' म्हटलं, की आता त्यात चेष्टा असायची. मी ती चेष्टा ऐकली आणि चहा प्यालो. पुन्हा उड्डाणावर घेतल्यावर तीन आठवड्यांत त्यांनी राजीनामा दिला. माझी परीक्षा तोवर झाली होती. मी कॅप्टन झालो. त्यांचा निरोप आला, इंग्रजीत, अभिनंदनाचे दोन शब्द.

चौकशीच्या त्या दिवसापासून अण्णा माझ्याशी मराठी बोलले नाहीत. मी वेलचेरीला जायचो, ते कॉफी करायचे, तब्येत विचारायचे, सगळं इंग्रजीत. मी मराठीतून बोलत राहायचो आणि उत्तर इंग्रजीतून यायचं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. शेवटी मी विचारलंच. ते शांतपणे इंग्रजीत म्हणाले, की आयुष्यात मी एकच खोटा रिपोर्ट दिला आणि तो या भाषेवरून दिला; तुझ्याशी ती बोलायला लागलो, की त्या खोलीतलं ते वाक्य मला ऐकू येतं. मी खाली येऊन शेअर ऑटोत बसलो आणि माझा थांबा गेलेलाही मला कळला नाही.

चौकशीनंतर दोन वर्षांनी मी एक पत्र लिहिलं. चौकशी समितीच्या नावे, पाच ओळी. रेकॉर्डिंगमधल्या माझ्या त्या वाक्याचा खरा अर्थ असा, बोलायला सुरुवात मी केली, रेडिओ माझ्याकडे होता आणि मी तो ऐकला नाही. पत्र घेऊन अण्णांकडे गेलो. मला मनातून काय वाटत होतं ते सांगतो. ते म्हणतील, फाडून टाक, आता काय उपयोग, आणि मी सुटेन. अण्णांनी चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं, घडी घालून माझ्या हातात दिलं आणि इंग्रजीतच म्हणाले, "उद्याच दे."

मी दिलं नाही. पुढच्या महिन्यात माझी प्रशिक्षकपदासाठी मुलाखत होती. ती झाली की देऊ, असं ठरवलं. मुलाखत झाली, निवड झाली, मग नवीन मुलं शिकायला आली. त्यांना मी अण्णांचाच नियम शिकवायचो, अण्णांच्याच शब्दांत. एका सकाळी फोन आला.

"दिलेंस-आ?"

मराठी. अडीच वर्षांनी. मी म्हणालो, "हो अण्णा, दिलं."

 ते म्हणाले, "सरी, कण्णा, बरें झालें. रविवारीं जेवायला ये. डांगर करतों. कांदा घालून करतों, तुझ्या आईसारखें."

त्यानंतर चार महिने आम्ही पुन्हा बोललो. मी जायचो आणि ते दार उघडताच सुरू व्हायचे. तंजावरचं घर, आईच्या शिव्या, बायकोची वही, तुंबलेले शब्द सगळे एकदम निघाल्यासारखे. शेजारच्या बाई मला जिन्यात म्हणाल्या, सरांचा आवाज आता आमच्याकडे ऐकू येतो, फार बरं वाटतं. दर वेळी निघताना मी ठरवायचो, की आज सांगून टाकू. आणि दर वेळी त्यांचा चेहरा बघून पुढच्या रविवारवर ढकलायचो. ते नेमानं विचारायचे, कंपनीनं काय केलें? मी म्हणायचो, अजून विचार चाललाय, अण्णा. ते मान हलवायचे. "वेळ लागतो. खरें आहे ना, मग कितीही वेळ लागूं दे."

अण्णा झोपेतच गेले. मुलगी कॅनडाहून आली. तिनं मला इंग्रजीत सांगितलं, की बाबा शेवटी फोनवर फार खुशीत असायचे. 'माझ्या मुलानं सगळं नीट केलं' असं म्हणायचे, आणि तिला आधी कळेचना की हा मुलगा कोण. मग ती माझ्याकडे बघून रडली. 

त्या आठवड्यात मी ते पत्र दिलं. माझं प्रशिक्षकपद गेलं, जायलाच हवं होतं. साहेबांनी विचारलं, एवढ्या उशिरा का? मी म्हणालो, आता दिलं नाही तरी 'दिलंस का' असं मला विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून दिलं. त्यांना ते कळलं की नाही, ठाऊक नाही.

मी अजून उडतो. अण्णांना फसवलं याचं दुःख आहेच, पण नुसतं तेवढंच असतं तर मी ते पत्करलं असतं. ते शेवटचे चार महिने सुखात होते. ते सुख मी त्यांना खोटं बोलून दिलं, आणि खरं बोलून जे द्यायचं होतं ते घ्यायला आता ते नाहीत.