एकास चार

कौशल्याबाई चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाल्या, पण फळा काही सुटला नाही. नारायण पेठेतल्या एका शाळेत, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायकांचा त्या फुकट वर्ग घेत. गुणोत्तर, प्रमाण, पूर्वपद, उत्तरपद. व्याख्या पाठ झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. सोळा बायका होत्या.

मग शेजारच्या खोलीत धायरीहून जयाताई शिकवायला येऊ लागल्या. निवृत्त नर्स, गणिताची पदवी नाही, काही नाही. दोन महिन्यांत बाईंच्या वर्गात पाचजणी उरल्या. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येई. गणिताच्या तासाला हसतात कशाला? आपल्या तासाला चौतीस वर्षांत कुणी हसलं नाही, हे आठवलं की बाईंचा तिळपापड होई. मत्सरच तो, दुसरं नाव कशाला द्यायचं?

एका मंगळवारी त्या जयाताईंच्या वर्गाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. चूक सापडायलाच हवी होती.

जयाताई जगमध्ये कोकम सरबत करत होत्या. "एक वाटी पाक, चार वाट्या पाणी. एकास चार. मग सगळ्या सरबतात पाक किती?"

"एक पंचमांश," निकिता म्हणाली. ही परवापर्यंत बाईंच्या पहिल्या बाकावर बसायची.

"चूक!" बाई कडाडल्या. "एकास चार म्हणजे एक चतुर्थांश. हेच शिकवता का हो इथे?"

निकितानं वळून पाहिलं. "बाई, पाक चतुर्थांश आहे तो पाण्याच्या. सरबत पाच वाट्या झालं ना? पूर्वपद आणि उत्तरपद मिळवायचं, तुम्हीच सांगितलं होतं."

बाईंचे कान तापले.

जयाताई जग ढवळत सहज म्हणाल्या, "अगं, बाई परीक्षा घेतायत तुमची! निकिता पास. बसा ना बाई, सरबत घ्या."

सगळ्या हसल्या. जयाताईंनी चूक दाखवली असती, तर बाई चांगल्या भांडल्या असत्या. त्यांनी सांभाळून घेतलं, ते मात्र सोसेना. त्यात सरबत उत्तम झालेलं!

घरी जाताना बाईंनी कोकमच्या पाकाची बाटली घेतली. ओट्याशी उभं राहून, वाटी काठोकाठ भरून मोजलं. एकास चार, थेंबाचा फरक नाही. घोट घेतला.

जयाताईंसारखं झालं नव्हतं.

बाईंनी ते मोरीत ओतलं आणि पुन्हा मोजायला घेतलं.