गढीतली घासलेली समई

"तिथनं भाईर पडताना झडती घेत्यात काय?"

गढीवर सुट्टीला जायचं म्हटल्यावर आईने विचारलेला हा पहिला प्रश्न.

दुसऱ्या कुणी विचारलं असतं, खोल्या किती, जेवण कसलं, गाडी कुठपर्यंत जाते. आईने झडतीचं विचारलं, कारण तिने अठ्ठावीस वर्षं निपाणीकडच्या एका वखारीत तंबाखूच्या पानांच्या शिरा काढल्या, आणि त्या वखारीच्या दारात रोज संध्याकाळी बायकांची झडती व्हायची. रांगेत उभं राहायचं, पदर झटकायचा, डब्याची पिशवी उलटी करून दाखवायची. का, तर चिमूटभर तंबाखू कुणी नेईल म्हणून. मी शाळेतून तिला आणायला जायची आणि रस्त्याच्या पलीकडून ते बघायची. पुढे मी बी.कॉम. झाले. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेज पुरं केलेली पहिली मीच, आणि हे मी कुठेही छाती काढून सांगते. त्या रांगेबद्दल मात्र कधी कुणाशी बोलले नव्हते. आईशीसुद्धा नाही.

"न्हाई गं," मी फोनवर म्हणाले. "आपण पाहुण्या. पाहुण्यांची झडती कोण घेतंय?"

"मोठ्या घरात काय बी घेत्यात. तू बघ बाई. या वयात मला ते नको."

मी शब्द दिला. शब्द द्यायला माझं काय जात होतं!

गढी बंगळूरच्या उत्तरेला, येलहंक्यातल्या माझ्या घरापासून दीड तासावर. पाळेगारांच्या, म्हणजे तिथल्या जुन्या सरदारांच्या, घराण्याची. दगडी तट, दोन बुरूज, आत चौक आणि चौकात चिंचेचं भलं मोठं झाड. घराण्यातल्या एक विधवा बाई मागच्या बाजूला राहतात आणि पुढची सगळी गढी एका वेळी एकाच मंडळीला भाड्याने देतात. बेळ्ळंदूरच्या आमच्या ऑफिसची सहल एकदा तिथे गेली होती. सगळे फोटो काढत होते आणि मी मनात माणसं मोजत होते: आई आणि वखारीत तिच्या शेजारी बसणाऱ्या चौघी. या पाचजणी जन्मात कधी सुट्टीला गेल्या नव्हत्या. लग्नाला गेल्या, मयताला गेल्या, देवाला गेल्या. नुसतं जाऊन बसायला कधीच नाही.

बुकिंगच्या फॉर्मवर 'प्रसंग' असा रकाना होता. लग्न, वाढदिवस, ऑफिस, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि लिहिलं, पाच बायकांची सुट्टी.

यशवंतपूर स्टेशनवर पाचजणी रेल्वेतून उतरल्या त्या सात गाठोडी घेऊन. भाकरी, चटणी, तेलाची बाटली.

"अगं, तिथं जेवण मिळतंय," मी म्हणाले.

"मिळू दे की," आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे पाचजणींतल्या थोरल्या, पंचाहत्तरीच्या. "आवडलं न्हाई तर काय बुरूज चाटायचा?"

गढीवर पोचल्यावर मॅनेजरने माझ्या हातात इंग्रजीत छापलेला एक कागद दिला. नियम. त्यातला चौथा नियम असा, की घराण्याच्या जुन्या वस्तूंना हात लावू नये. मी तो वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. तो मोठ्याने वाचून दाखवला असता तर आई तिथूनच मागे फिरली असती. आपल्यावर नजर आहे असं तिला वाटू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण चूक झाली ती इथे, आणि ती माझी.

पहिला दिवस पाचजणी पलंगाच्या अगदी कडेवर बसून होत्या. स्वैपाकी त्यांना स्वैपाकघरात घेईना. "अम्मा, तुम्ही बसा," म्हणाला. बसून बसून कंटाळल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मला झोप लागली. जाग आली ती चौकातल्या हसण्याने.

बाहेर येऊन बघते तर पाचजणी पायऱ्यांवर फतकल मारून बसलेल्या. मधे दिवाणखान्यातली पुरुषभर उंच पितळी समई, भाग सुटे करून मांडलेली. दिवाणखान्याच्या दारात दोन्ही बाजूंना अशा दोन समया होत्या, काळ्याभोर. आता एक काळी होती आणि दुसरी उन्हात डोळे दिपतील अशी झळकत होती. झाडाखालच्या चिंचा, स्वैपाक्याकडून मागून घेतलेलं मीठ आणि नारळाची शेंडी.

"आई! काय करालीस हे?"

"बघ की, कशी निघालीया!" आई खुशीत होती. "किती वर्सांची घाण. मोठं घर, पण हात लावणारं माणूस न्हाई."

मी पर्समधला कागद काढला आणि चौथा नियम मराठीत सांगितला. सांगताना माझाच आवाज मला परका वाटला. पाचही जणींचे हात थांबले. आई हळूच उठली आणि तिने हात पदराला पुसले. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी मालकीणबाईंशी बोलते," मी म्हणाले. "तुम्ही आत जावा. इंग्रजीत समजावून सांगते."

"तू गप," आई म्हणाली. "घासलं मी, सांगणार मी."

पण सांगायला जायची वेळच आली नाही. स्वैपाक्याने वर्दी दिली असावी. मालकीणबाई मागच्या दारातून आल्या. आईच्याच वयाच्या, साधी सुती साडी, पायात स्लिपर. समईपाशी येऊन उभ्या राहिल्या. वाकल्या, बोटाने पितळ पुसून बघितलं. मी रांगेत उभ्या असलेल्या आईकडे बघत होते. हो, रांगेतच. पाचजणी आपोआप एका ओळीत उभ्या राहिल्या होत्या, खांद्याला खांदा लावून.

आईने आमच्या सीमेकडच्या रोखठोक कन्नडमध्ये सांगितलं, "मी घासली. या पोरीचा दोष न्हाई, या बायकांचा न्हाई. काळी होती म्हणून घासली."

बाई म्हणाल्या, "काळीच ठेवलीय. पाहुण्यांना आवडते. जुनी दिसते म्हणतात."

आईला राहवलं नाही. "जुनी म्हंजे घाण व्हय?"

मी डोळे मिटले. आणि मला हसू ऐकू आलं. मालकीणबाई हसत होत्या, तोंडावर हात धरून, एखाद्या शाळकरी मुलीसारखं. म्हणाल्या, मलाही तेच वाटतं, पण मॅनेजर ऐकत नाही. मग दारातल्या काळ्या समईकडे बोट दाखवून विचारलं, "इन्नोंदु?"

म्हणजे, आणखी एक, ती राहिली की! एक काळी, एक पिवळी, जोड कशी दिसणार?

मी तिथेच पायरीवर बसले. आक्कांनी साडी वर खोचली. "चला गं, चिंचा वेचा." मालकीणबाईसुद्धा बसल्या. संध्याकाळपर्यंत सहाजणी घासत होत्या आणि निम्म्या चिंचा मीठ लावून खात होत्या. कुणाला किती सुना, कुणाचे गुडघे दुखतात, सगळं निघालं. त्यानंतर पलंगाच्या कडेवर कुणी बसलं नाही.

निघायच्या दिवशी बाईंनी पिशवीभर चिंच आईच्या हातात दिली. मॅनेजरने खोल्या बघून मान हलवली, आम्ही गाडीत बसलो. तटाच्या दारात वॉचमनची खोली होती. गाडी तिथे पोचली तशी आई ड्रायव्हरला म्हणाली, "थांबवा."

"कशाला गं? झालं सगळं."

"थांबीव म्हटलं की."

ती उतरली, चिंचेची पिशवी घेऊन वॉचमनपुढे गेली आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं. "अम्मांनी दिलीया. बघून घ्या." मागोमाग चौघीही उतरायला लागल्या. माझा हात गाडीच्या दारावरच राहिला. मी दिलेल्या शब्दाचं हे असं व्हायचं होतं तर.

वॉचमन तरुण, नुकतंच मिसरूड फुटलेला. त्याने पिशवीत बघितलं, मग आईकडे बघितलं. त्याला काही कळलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. हात पुढे करून संकोचाने म्हणाला, "अम्मा, स्वल्प कोडी."

थोडी द्या की.

आईने त्याची ओंजळ भरली. वर चिंचेची आणखी दोन बोटकं ठेवली. त्याने एक चिंच तिथेच सोलून तोंडात टाकली आणि आंबटाने एक डोळा मिटला. पाचही जणी खदखदून हसल्या आणि गाडीत येऊन बसल्या.

गाडी येलहंक्याच्या रस्त्याला लागली. आईची पिशवी मांडीवर, नजर खिडकीबाहेर. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मागून घेतली त्यानं."

"व्हय," मी म्हणाले.

थोड्या वेळाने बघितलं तर मान माझ्या खांद्यावर टाकून ती झोपली होती. पिशवीचं तोंड अजून उघडंच होतं.