लिफ्टपेक्षा मोठं कपाट

नव्या खोलीत शिरले की काका आधी भिंतीवर टकटक करायचे. पोकळ वाजली तर मान हलवायचे. काढलेल्या बुटांची टोकं कायम दाराकडे. दाढीचं सामान पिशवीतच, आरशाखाली कधी नाही. चहाचं पाकीट दुकानातलं सगळ्यात लहान. आभार न चुकता मानायचे, पण बऱ्याचदा मागच्या देशाच्या भाषेत. आणि लिफ्टमध्ये डोळे मिटायचे. बाकीचे आरशात भांग बघत, काका रुळांची कुरकुर ऐकत.

काका लिफ्ट बसवायचे. खंड अवाढव्य, देश ढीगभर, आणि कंपनी सगळीकडे. जिथे इमारत उभी राहील तिथे काकांना धाडायची. कधी बर्फाचं शहर, कधी वाळूचं. एका शहरात नदीच्या अलीकडे एक भाषा, पलीकडे दुसरी, आणि पुलावर दोन्हींचं भांडण. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. फिरत्या फिटरांचा एक नियम होता: जे बॅगेत मावत नाही ते आपलं नाही. काका तो इमानेइतबारे पाळत.

मुलीचं लग्न उरकलं, घर रिकामं झालं, तेव्हा काकू पहिल्यांदा त्यांच्याकडे आल्या. त्यांनी चौथ्या मजल्यावरची खोली पाहिली. एक खाट, एक खुर्ची, एक खिळा.

"अहो, ही खोली आहे की प्रतीक्षालय?"

"आठ महिने झाले की इथे."

"मग दिसू देत."

"काय?"

"आठ महिने."

काका हसले. काकू हसल्या नाहीत.

"परतीचं तिकीट काढूनच आले आहे मी," त्या म्हणाल्या. "मी राहावं असं वाटत असेल तर एका जागी राहू. तुमच्या मागे गावोगाव फिरायचं वय नाही माझं. आधी घरात एक अशी वस्तू आणा, जी बॅगेत मावणार नाही. मग बघू."

अर्धा संसार फोनवर झाला होता. उरलेला तरी समोरासमोर व्हावा, एवढीच काकांची इच्छा होती. दुसऱ्याच दिवशी ते कचेरीत गेले आणि म्हणाले, आता फिरती नको, याच शहरात देखभालीचं काम द्या. साहेब चकित झाला. पुढचं काम डोंगरावरच्या एका शहरात होतं आणि ते काकांसाठीच राखून ठेवलं होतं. "महिनाभर इथलं काम करून बघा," तो म्हणाला. "मन रमलं तर कायम करतो. तोवर डोंगरावर कोणाला पाठवत नाही."

मग कपाट आलं. जुन्या सामानाच्या दुकानात काकूंनी ते पाहिलं आणि तिथून त्यांचा पाय निघेना. भरीव लाकूड, दोन दारं, आत तीन फळ्या. वर कसं न्याल, असं दुकानदाराने खुणेने विचारलं.

"लिफ्टने," काका म्हणाले. "माप तोंडपाठ आहे मला."

माप तोंडपाठ होतं खरं. फक्त ते मागच्या देशातलं होतं. तिथल्या लिफ्ट रुग्णाची खाट आत जाईल एवढ्या खोल. इथल्या जेमतेम चार माणसांच्या, तीही पोटं आत घेतलेली. हमालांनी कपाट लिफ्टच्या तोंडाशी आणून ठेवलं आणि ते निघून गेले. काकांनी उभं घालून पाहिलं, आडवं घालून पाहिलं, तिरकं घालून पाहिलं. दर वेळी वीतभर बाहेर.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का?" काकूंनी विचारलं.

"करवत आणतो. मागून जरासं…"

"कपाटाला करवत लागली तर मी पुढच्या विमानाने घरी."

करवत राहिली. कपाटही राहिलं, तळमजल्यावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला अंग चोरून जावं लागे. काकू शेजारी उभ्या राहून प्रत्येकाची माफी मागत, मराठीत. समोरचा आपल्या भाषेत काहीतरी म्हणे. दोघांनाही पटे. तळमजल्यावरच्या न्हाव्याने एकच दिवस म्हणून आपले टॉवेल त्यात ठेवले. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सने छत्री ठेवली. इमारतीतल्या टॅक्सीवाल्याने काहीच ठेवलं नाही, पण रोज दार उघडून बघून जाई.

रविवारी तिघंही मदतीला आले. दारं काढली, फळ्या काढल्या, आणि सांगाडा जिन्याने चढवायचं ठरलं. चौघांनी चार कोपरे धरले. काकू वरच्या पायरीवर.

टॅक्सीवाल्याच्या मुलखात तीन म्हणता म्हणता उचलतात. न्हाव्याकडे तीन म्हणून झाल्यावर एक श्वास घेतात, मग उचलतात. नर्स तीनवरून खाली मोजत आली आणि एकला तिने जोर लावला. कपाट एकेका कोपऱ्याने वर गेलं आणि सगळंच्या सगळं काकांच्या अंगठ्यावर आलं.

"कोणी आपापलं मोजायचं नाही," काकू म्हणाल्या. "माझ्यामागून म्हणा. एक, दोन, साडेमाडे तीन."

पहिल्या मजल्यापर्यंत ते म्हणत होते. दुसऱ्यापासून ओरडत होते. साडेमाडेचं त्यांनी जे काही केलं ते लिहून दाखवता येणार नाही, पण कपाट मात्र सरळ चढलं.

मधल्या वळणावर सगळे दम खायला बसले. नर्सने आपल्या गावाचं नाव सांगितलं.

"स्टेशनासमोरच्या दवाखान्यातली लिफ्ट माझी," काका म्हणाले.

मग काकांच्या गप्पांची गाडी सुटली. तिथे समुद्राचा वारा इतका की ओळंब्याचा दोरा घटकाभर स्थिर राहीना. शेवटी त्यांनी ओळंबा तेलाच्या डब्यात बुडवला, तेव्हा तो शांत झाला. टॅक्सीवाल्याच्या शहरात त्यांनी लिफ्टच्या तळाचा खड्डा खणला तर खाली जुनी विहीर निघाली. ते हातवारे करत होते, तीन भाषांची भेळ करत होते, आणि तिघंही खिदळत होते.

काकू वरच्या पायरीवरून ऐकत होत्या.

"हे मला कधी सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"फोनवर तू विचारायचीस, जेवलात का. मी सांगायचो, जेवलो."

पुढचे काही दिवस काका देखभालीला जात राहिले. बटणं दाबायची, वंगण घालायचं, सही करायची, परत यायचं. तक्रार अशी काही नव्हती. पण खोलीत त्यांचं गुणगुणणं बंद झालं होतं. काकूंना ते ऐकू आलं, म्हणजे ऐकू येईनासं झालं.

एका संध्याकाळी काका कपाटाला दारं लावत होते. एक लावून झालं होतं.

"डोंगरावरचं काम दिलं का हो कोणाला?" काकूंनी विचारलं.

"अजून नाही. का?"

"वारा असेल तिथेही."

"असेल. जो जाईल तो बघेल." काकांनी दुसरं दार उचललं. "मी तुला शब्द दिलाय. एका जागी राहायचं."

"शब्द मी मागितला होता. तो मीच परत करते."

"आणि परतीचं तिकीट?"

"रद्द करा. पोरीला मी सांगते." काकू खाटेवर बसल्या. "इतकी वर्षं तुम्ही एवढं बघत होतात आणि मी जेवलात का विचारत होते. आता पुढचं गाव मी स्वतः बघणार. तुम्हाला जमत नसेल तर त्या टॅक्सीवाल्याबरोबर जाते. तो हसतमुख आहे."

काकांनी हातातलं दार खाली ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. त्या संध्याकाळी आधी कचेरीत फोन झाला, मग मुलीला, मग पुन्हा कचेरीत. दार सकाळी लावतो, असं काका म्हणाले. सकाळी न्हावी निरोपाला आला, नर्स आली, आणि खाली टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवला.

खोली सध्या रिकामी आहे. कपाटाचं डावं दार आवाज न करता उघडतं. उजवं भिंतीला टेकून उभं आहे. त्यावर बिजागरीच्या जागी पेन्सिलच्या खुणा आहेत, आणि वरच्या खुणेत एक स्क्रू अर्धा फिरवलेला आहे.