फादर पास्काल यांची सावड

सोमवार, १४ जुलै २०२५. सकाळपासून संततधार. वीज दोनदा गेली. पिंकी कामाला उशिरा आली, सबब नेहमीची. फादर पास्काल यांच्यासाठी डॉक्टरांची उद्या दहाची वेळ घेतली. फोनवर ‘हो बाई’ म्हणाले. माझा विश्वास नाही.

वहीत ही नोंद करणाऱ्या वासंतीबाईंच्या दारात, वलवणला, मंगळवारी दहा वाजता रिक्षा उभी, बाई छत्री घेऊन पायरीवर, आणि फादरांचा पत्ता नाही. फोन लावला तर मागे पावसाचा आवाज आणि बायकांचा गलका.

“बाई, आज जमणार न्हाई. झुंबरमावशीकडे भातलावणी आहे.”

“न्हाई काय, नाही म्हणा! आणि तुमच्या जागी एखादा मजूर पाठवा. त्याची मजुरी मी देते.”

“सावड पैशानं फिटत न्हाई, बाई. त्यांनी माझं खाचर लावून दिलं, आता मी त्यांचं. उद्या येतो. नक्की.”

बाईंनी रिक्षा परत पाठवली आणि रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाल्या, “हट्टी माणूस!”

तीन वर्षांपूर्वी हा हट्टी माणूस त्यांच्याकडे मराठी शिकायला आला होता. झारखंडातल्या सिमडेगाकडचा, उरांव आदिवासी शेतकऱ्याचा मुलगा, सहा भावंडांतला चौथा. सेमिनरीत शिकून तिशीच्या आतच पुरोहित झाला आणि त्याच्या संस्थेने त्याला मावळात धाडलं. कामशेतला दोन खोल्यांत राहणं, भाजे गावात संध्याकाळचा अभ्यासवर्ग. वासंतीबाई स्वतः कॉन्व्हेंटात शिकलेल्या; सिस्टरांनी लावलेली शिस्त अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही सुटलेली नव्हती. प्रवचनात शोभेल असं शुद्ध मराठी शिकवायचं त्यांनी ठरवलं. फादर मन लावून शिकायचे, भाज्याला जायचे आणि चार दिवसांनी ‘आमी’, ‘तुमी’, ‘हितं’ घेऊन परत यायचे. गृहपाठ एकदा खताच्या पिशवीच्या मागे लिहून आणला, तेव्हा बाईंनी तो तपासायचं नाकारलं.

तीन वर्षांत फादरांनी एकाही माणसाचा बाप्तिस्मा केला नाही. वरिष्ठ विचारायचे, तुम्ही तिथे करता तरी काय? फादर लोकांच्या आधार कार्डावरची चुकलेली नावं दुरुस्त करायला रांगेत उभे असायचे. आणि भातलावणी आली की विचारूच नका. वर्गामागच्या खाचरात त्यांनी भात करायचं काढलं आणि गावाच्या सावडीत शिरले. आज तुम्ही आमच्या रानात, उद्या आम्ही तुमच्या. पैसा नाही, हिशेब नाही, पण दिवस चुकवायचा नाही.

त्या मंगळवारी दुपारी दोनला झुंबरबाईंच्या मुलाचा, नथूचा फोन आला.

“बाई, फादर गेलं. भाकरी खाल्ली, बांधावर जरा आडवं झालं, ते उठलंच न्हाईत. जीपनं दवाखान्यात नेलं, पर काय उपेग न्हाई. हार्ट म्हनलं डॉक्टर.”

तेहतिसावं वर्ष. गुरुवारी पुण्यात दफन झालं. म्हाताऱ्या आईला इतक्या लांब येणं जमलं नाही. संस्थेच्या वरिष्ठांनी वासंतीबाईंना गळ घातली: तुम्ही त्यांना जवळून ओळखत होता, कसं झालं ते आईला हिंदीत लिहा, तिकडे कुणीतरी वाचून दाखवेल.

शनिवारी बाई पत्राला बसल्या. मनात राग ठासून भरला होता. लिहायचं होतं, की मी वेळ घेतली होती, रिक्षा आणली होती आणि लोकांनी त्याला चिखलात उभं केलं. दोनच ओळी झाल्या असतील, तोच नथू आईला घेऊन दारात.

झुंबरबाई खुर्चीवर बसेचनात. “बाई, गावात समदी म्हनत्यात, फादर झुंबरच्या खाचरात मेला. त्याच्या आईला पत्र तुमी लिवताय म्हनं. तसंच लिवनार व्हय?”

“मग काय लिहू? त्यांना त्रास होतोय हे दिसत नव्हतं तुम्हाला?”

“छातीत जळजळतंय म्हनला. म्या ववा दिला चावाया. वाटलं, भाकरीसंगचं कोरड्यास तिखट झालं.”

“ओवा! अहो, माणूस जातोय आणि तुम्ही ओवा देताय?”

“मला काय म्हाईत जातोय म्हनून? म्हाईत असतं तर दिला असता का?” झुंबरबाईही तडकल्या.

“थांबा, दाखवते किती दिवस मी त्यांच्या मागे लागले होते ते!” बाईंनी रोजच्या नोंदींची वही ओढली आणि तारीख शोधत पानं मागे उलटायला लागल्या. जुलै. जून. जूनमध्ये काहीच नव्हतं. मे महिन्यात एका पानावर त्यांचा हात थांबला. नथूने दोनदा विचारलं, “काय लिवलंय बाई?” वही मिटून टाकता आली असती. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं.

“१९ मे. फादरांच्या छातीत जळजळ. लिंबू-सोडा दिला. ढेकर आली, बरे वाटले म्हणाले. २६ मे. पुन्हा तेच. पुन्हा सोडा. जागरण करू नका म्हणून मी रागावले.”



“मंजी तुमी सोडा दिला,” झुंबरबाई हळूच म्हणाल्या, “आन् म्या ववा.”

“हो.” बाई चिडूनच बोलल्या, पण आता कुणावर ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. “आणि तो गाढव दोन्ही घेऊन बरं वाटलं म्हणायचा! एकदा तरी ओरडायचं, नाही वाटत म्हणून!”

झुंबरबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि खुर्चीवर टेकल्या.

बाईंनी दोन ओळींचा कागद फाडला, नवा घेतला. लिहिलं, की तुमच्या मुलाला मे महिन्यापासून त्रास होता. मला ते पित्त वाटलं. शेवटच्या दिवशी झुंबरबाईंनाही तसंच वाटलं. डॉक्टरांची वेळ घ्यायला मी आठ आठवडे उशीर केला. त्यावर एक दिवस त्याने स्वतः वाढवला, कारण त्याने गावाला शब्द दिला होता. तो शेजाऱ्यांच्या शेतात काम करताना गेला आणि शेजारी त्याच्याजवळ होते. लिहिलेलं त्यांनी मराठीत सांगितलं.

“आनि एक लिवा,” झुंबरबाई म्हणाल्या. “त्याचा हात आमच्या समद्यांपरीस चलाख व्हता. आईनंच शिकिवलं आसंल.”

“आसंल नाही, असेल,” बाई म्हणाल्या आणि तेही लिहिलं.

रात्री जेवणाआधी त्यांनी वहीत नोंद केली: शनिवार, १९ जुलै. फादरांच्या आईला पत्र लिहिले, नथूबरोबर टपालात पाठवले. चादरी वाळल्या नाहीत. स्वयंपाकघरात दोरी बांधून तिथे टाकल्या.