राजाच्या डोक्यावर जनीचं लुगडं

मी आणि माझी बायको जनी, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिचं हिरवं लुगडं पिळणं, आणि तेसुद्धा मी चुकीचं पिळलं.

लुगडं पिळायचं तर दोघांनी दोन टोकं धरायची आणि उलट बाजूंना पीळ द्यायचा. मी कायम तिच्याकडे बघायचो आणि ती फिरवील तिकडंच फिरवायचो. मग लुगडं नुसतं गरगर फिरायचं, पाणी जिथल्या तिथं! "उलटं फिरवा ओ! पंचेचाळीस वर्षं झाली, अजून कळत नाय?" हे तिचं रोजचं. त्या दिवशीही म्हणाली. गळकं लुगडं दोरीवर टाकलं, दुपारी जरा आडवी झाली, ती उठलीच नाही.

लुगडं दोरीवर राहिलं. मी कोणाला हात लावू दिला नाही. सून वनिता दोन-तीनदा म्हणाली, "मामा, काढून ट्रंकेत ठेवते."

"राहू दे. सुकलं नाय अजून."

(ती गेली दसऱ्यानंतर. हे मी बोलत होतो तेव्हा माघ लागला होता!)

त्याच माघात माझी नात शीतल घरी आली ती मांजरपाटाचं गाठोडं घेऊन. ती शहापूरला कॉलेजात शिकते. तिथं स्नेहसंमेलनाला राजा-राणीचं नाटक होतं आणि पोरांमधून हिला कपडेपटाची प्रमुख केलेली. प्रमुख म्हणजे काय, तर कापड रंगवा, नक्षी काढा, आणि बिघडलं तर शिव्या खा.

"आजोबा, एक राजा, एक राणी, बारा सैनिक. कॉलेजात चूल पेटवू देत नायत. आपल्या अंगणात रंगवू?"

"रंगव की! माझं काय जातंय!"

(काय जातंय ते नंतर कळलं.)

मी एकच अट घातली. दोरीवरच्या आजीच्या लुगड्याला कोणी हात लावायचा नाही. शीतलनं ते वहीत लिहून खाली रेघ मारली. तिच्या वहीत सगळं लिहिलेलं असतं. मी तिसरी शिकलेलो, पण एवढं मला वाचता आलं.

म्हशीच्या पाण्याचं पत्र्याचं पीप चुलीवर चढलं. त्यात डाळिंबी रंग. पांढरं कापड आधी भिजवून, पिळून, दोरीवर निथळत ठेवायचं, मग उकळत्या रंगात सोडायचं. मला नातीनं पिळायला लावलं. दोन कपडे झाले आणि ती ओरडली, "आजोबा, तुमी माझ्याच बाजूला फिरवताय!"

"तुझी आजीपन असंच म्हणायची."

"मग ऐकलं का नाय?"

पिळण्यावरून मला काढलं. ढवळायला लावलं. ते जमलं. मग म्हणाली, "आता अर्धा किलो मीठ टाका. मिठानं रंग धरतो."

अर्धा किलो! माझं ब्लडप्रेशर वाढलेलं, डॉक्टरनं मीठ बंद सांगितलेलं, जनी असती तर डबाच लपवला असता. मी चिमूटभर टाकलं. उरलेलं गुपचूप डब्यात परत. (बारा सैनिकांचा जीव सांभाळायचा होता ना!)

मग नक्षी. बटाटा कापून त्याचा ठसा करायचा, सोनेरी रंगात बुडवून कापडावर मारायचा. मला हत्ती कोरायला दिला. मी जीव लावून कोरला. शीतलनं ठसा मारून बघितला. वनिता वाकून म्हणाली, "डुक्कर छान जमलंय, मामा."

"हत्ती हाय तो!"

"मग सोंड कुठाय?"

सोंड तुटून पडली होती. ती कोंबडीनं नेली. राजाच्या अंगरख्यावर शेवटी भेंडी कापून मारलेल्या ठशांची फुलं आली आणि मला नक्षीवरूनही काढलं. राहिलं एकच काम. दोरीवरचे पांढरे कपडे काढून आणायचे आणि पिपात सोडायचे. चष्म्यावर वाफ बसलेली, हात डाळिंबी, डोळ्यांत धूर. मी आणत गेलो, सोडत गेलो. चौदा कपडे होते. शीतल शेवटी म्हणाली, "आजोबा, पंधरा कसे निघाले? हा तर केवढा लांब हाय! बरं झालं, राजाला पागोटं होईल."

मी म्हटलं, "बघ! मी आणलं म्हणून वाढलं."

दुसऱ्या दिवशी सगळा कपडेपट गाठोड्यात घालून ती पहाटेच्या एसटीनं शहापूरला गेली. मी चहा घेऊन अंगणात आलो. दोरी मोकळी!

मी अख्खी आळी डोक्यावर घेतली. वनिता शपथ घेऊन सांगत होती की तिनं हात लावला नाही. शेजारच्यांनी त्यांच्या दोऱ्या दाखवल्या. शेवटी मी गोठ्यात गेलो. म्हशीचं तोंड लालभडक!

"खाल्लं! हिनंच खाल्लं लुगडं!"

"मामा, ती काल रंगाचं पानी प्यायली."

"नाय! लुगडंच खाल्लंय!"

"लुगडं खाऊन तोंड लाल कसं होईल?"

तरी मी दिवसभर शेणावर नजर ठेवली. (हे लिहायला मला लाज वाटते, पण ठेवली.)

संध्याकाळी वनितानं मला ओढून नाटकाला नेलं. पहिल्या रांगेत बसलो. पडदा उघडला. भेंडीच्या फुलांचा अंगरखा घातलेला राजा सिंहासनावर बसलेला. पोरगा मुरबाडचा, आवाज खणखणीत. आणि त्याच्या डाळिंबी पागोट्यावर, बरोबर कपाळाच्या वर, चौकडीचं ठिगळ!

ते ठिगळ माझ्या सदऱ्याचं. चुलीतली ठिणगी उडून पदर जळला होता, तेव्हा जनीनं माझा चौकड्यांचा सदरा फाडून लावलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चार महिन्यांच्या उन्हानं लुगडं पांढरंफटक झालं होतं. सगळ्या गावाला दिसत होतं. मला मात्र रोज ते हिरवंच दिसायचं. आणि काल चष्मा वाफेनं आंधळा झाला, तेव्हा माझ्याच हातांना ते पांढरं सापडलं.

तेवढ्यात राजा गरजला, "प्रधानजी! आमच्या राज्यात काय कमी आहे?"

मी उठून उभा राहिलो. "लुगडं कमी हाय! माझ्या बायकोचं! उतरव ते!"

लोक हसून आडवे. शिट्ट्या! त्यांना वाटलं नाटकातच आहे. वनिता माझा सदरा धरून ओढत होती, "मामा, बसा खाली! पोरीची अब्रू जाईल!" पण मी तोवर स्टेजवर. राजा हळूच म्हणाला, "आजोबा, पिना लावल्यात. निघत नाय."

"मग डोकं दे!"

राजाला दरदरून घाम फुटला. आणि चिमूटभर मिठावर धरलेला रंग तो किती धरणार? कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून डाळिंबी धारा लागल्या. मागून एक बाई किंचाळली, "अगो, राजाला मारला!" सैनिक धावून आले, तेही गळायला लागले. बाराच्या बारा सैनिक लाल! लढाई तिसऱ्या अंकात होती. ती पहिल्यातच झाल्यासारखी दिसली. पडदा पाडला.

विंगेत शीतल वही छातीशी धरून उभी होती. मला वाटलं, आता ही मला कायमचं काढणार. मी म्हटलं, "गो, तुझा काय दोष नाय. मीच सोडलं ते पिपात. मीठ पन मीच चोरलं."

तिनं पागोट्यावरचं ठिगळ बघितलं. मग स्वतःच एकेक पिन काढायला लागली. राजाला म्हणाली, "हलू नको रे, आजी हाय ती."

राजा उरलेलं नाटक बोडक्या डोक्यानं बसला. घरी येताना गाडीत मी शीतलच्या शेजारी लुगडं मांडीवर घेऊन बसलो. धोतर डाळिंबी झालं ते आजतागायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लुगडं धुवायला घेतलं. पाच पाणी काढली. डाळिंबी गेलं, हिरवं काही परत आलं नाही. राहिला एक फिका गुलाबी रंग, जो जनीला अजिबात आवडला नसता. शीतलनं एक टोक धरलं, मी दुसरं.

"आजोबा, उलटं!"

"उलटंच फिरवतोय!"

"तुमी माझ्याकडं बघू नका. डोळे मिटून फिरवा."

मी डोळे मिटले. फिरवलं. पाणी सगळं माझ्याच पायावर सांडलं! पिळलं गेलं की हो!

ऊन चढल्यावर लुगडं सुकलं. या वेळी मीच दोरीवरून काढलं, घडी घातली आणि वनिताकडे ट्रंकेत ठेवायला दिलं. तिनं बघितलं, गालात हसली आणि घडी मोडून पुन्हा घातली.

मी उलटी घातली होती.