मेहरूभाभींचा खटका आणि आमचं फर्मवेअर

"काय गो आसावरी, तुजा डबा मुका झाला!"

मेहरूभाभींचा फोन. समोरचे पोहे तसेच टाकले, स्कूटर काढली आणि मिरकरवाडा जेट्टी गाठली.

भाभी म्हणजे दोन ट्रॉलरच्या मालकीण. मच्छीमार सोसायटीत त्यांचा शब्द चालतो. आमच्या कंपनीचा डबा आधी त्यांच्या बोटीवर चालून दाखवणार, मग सोसायटीच्या सगळ्या बोटींवर बसणार, असं ठरलं होतं. नाही चालला, तर रत्नागिरीचं ऑफिस बंद आणि मी परत पुण्याला. देवधर सरांनी, म्हणजे पुण्यातल्या माझ्या बॉसनी, हे अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. घरी परत यायला मी चांगल्या पगारावर पाणी सोडलं होतं. मला आता इथून हलायचं नव्हतं.

डबा म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर आणि रेडिओ. बोट संकटात सापडली की तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, लाल बटण दाबायचं. बोट कुठे आहे ते लगेच किनाऱ्याला आणि आसपासच्या बोटींना कळतं. रेडिओ जागा झाला की डबा 'टीं' करतो आणि हिरवा दिवा लागतो. त्या सकाळी ना टीं, ना दिवा.

लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर सरळच लिहिलं होतं, फर्मवेअर सापडलं नाही.

इथे जरा समजावून सांगते. रेडिओची चिप भलती विसराळू असते. वीज गेली की सगळं विसरली. चालू झाली की तिला कामाच्या सूचना पहिल्यापासून भरवाव्या लागतात. या सूचना म्हणजे फर्मवेअर. भरवणारा असतो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. डब्यात सगळ्यांच्या आधी तो उठतो. कर्नल आम्ही कुलूपबंद मेमरीत ठेवला होता. डबा चालू असताना तिथे कुणाला काही लिहिता येत नाही. फर्मवेअरची फाईल मात्र मेमरी कार्डावर होती आणि त्या कार्डावर डबा दिवसभर काही ना काही लिहीत बसतो. आता ते कार्डच बिघडलं होतं.

"भाभी, डबा बंद कसा करता?"

"कसा म्हंजे? ह्यो असा." भाभींनी केबिनमधल्या मेन खटक्याची दांडी खाडकन खाली ओढली. दिवे, पंखा, मासे शोधायचं यंत्र, सगळं एका दमात गप्प.

"अहो, आधी मेनूत जाऊन शटडाउन करायचं ना!"

"बोट जेट्टीला लागली की खटका पाडायचा. माज्या सासऱ्यांपासनं हीच रीत हाय. तुज्या डब्याला काय अंगाई गाऊन झोपवायचा?"

मला हसूच फुटलं. शटडाउनवर मी मॅन्युअलमध्ये एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, चित्रांसकट! लिहिता लिहिता वीज गेली तर कार्ड कधीतरी बिघडणारच. भाभींचा खटका काही बदलणार नव्हता. म्हणजे बदलायचं होतं आम्हाला.

जेट्टीवरूनच सरांना फोन लावला.

"सर, फर्मवेअर कर्नलच्या आतच घालू. कर्नल बांधताना थोडा बदल, बस्स. कार्ड मेलं तरी रेडिओ उठेल!"

"अजिबात नाही."

"का?"

"लायसन्स. कर्नल वाटायचा तर त्याचा सोर्स कोडही द्यावा लागतो, ही अट आहे. फर्मवेअर चिपवाल्या कंपनीचं. वाटायची परवानगी आहे, पण सोर्स त्यांनी आपल्यालाच दिलेला नाही. वकील म्हणतात, आत घालून वाद ओढवून घेऊ नका."

"मग बोटीवर वकिलांनाच बसवू या का?"

"आसावरी! आणि चिपवाले सारखं फर्मवेअर बदलतात. दर वेळी अख्खा कर्नल नव्याने बांधून बोटीबोटीवर चढवणार का?"

सरांचं बरोबर होतं. त्यामुळे जास्तच राग आला. फोन ठेवणार, इतक्यात डोक्यात लख्ख उजेड पडला.

"सर, आत नको. शेजारी ठेवलं तर?"

"शेजारी म्हणजे?"

मी जेट्टीवर अक्षरशः नाचत बोलत होते. आजूबाजूच्या कोळणी मासे निवडायचं सोडून बघायला लागल्या. कर्नलला उठताना बरोबर एक छोटी शिदोरी देता येते. तिला इनिट-रॅम-एफएस म्हणतात. नाव भयंकर आहे, पण काम साधं आहे. कार्ड सापडेपर्यंत लागणारं सामान तीत बांधायचं. शिदोरीची फाईल वेगळी, पण ठेवायची त्याच कुलूपबंद मेमरीत. फर्मवेअर आणि लाल बटणाचा प्रोग्रॅम तीत टाकला की झालं. नवं फर्मवेअर आलं तर नुसती शिदोरी बदलायची. कर्नलला हात लावायचा नाही.

फर्मवेअर कर्नलच्या बाहेर, वेगळ्या फाईलीत राहणार म्हटल्यावर वकिलांनी मान डोलावली. मी शिदोरी बांधली. चाचणीला सर स्वतः आले, कडक इस्त्रीत. बोटीच्या ओल्या फळीवर पाय घसरला तेव्हा भाभींनीच त्यांना दंडाला धरून आत घेतलं. जेट्टीवर सोसायटीची मंडळी उभी होती.

भाभींनी खटका पाडला. वर केला. टीं!

पुन्हा पाडला, वर केला. टीं! मग मी कार्डच उपटून खिशात टाकलं आणि म्हटलं, "आता करा." खटका खाली, खटका वर. टीं! हिरवा दिवा! लाल बटण दाबलं, तर सोसायटीच्या ऑफिसातला भोंगा जेट्टीपर्यंत ऐकू आला. मी ओरडलेच. मग जो तो "मी पाडतो, मी पाडतो" म्हणत बोटीत शिरला. खाडकन, टीं. खाडकन, टीं. सरसुद्धा बाह्या सरसावून म्हणाले, "मी एकदा बघू?"

सरांनी खटका वर केला. टीं झालं आणि दांडी तुटून त्यांच्या हातात आली.

मग भाभी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

"डबा पास," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "साहेब नापास. सगल्या बोटींवर बसवा. पन ह्यांना खटक्याला हात लावू देऊ नका."

माझं ऑफिस वाचलं. मी सरांसमोर रडले, हसता हसताच.

"पन आता ह्यो बंद कसा करायचा गो?" भाभींनी विचारलं.

मी पर्समधून मॅन्युअल काढलं. "मेनूत जा, भाभी."

शटडाउनचं ते प्रकरण कुणी वापरल्याची माझ्या माहितीतली ही एकमेव वेळ. यंत्र कसं चालू होणार हे ठरवण्याआधी लोक ते बंद कसं करतात ते जाऊन बघावं. आणि बॉसला बोटीवर नेलंच, तर एक जादा खटका बरोबर ठेवावा.